उजवी कूस

गुरुवारी दुपारी मिस्टर गेडिसचा डावा डोळा झाकला,
उजव्यापुढे भिंग धरलं,
नेहमीचं विचारलं : हे स्पष्ट, की हे?
तेवढ्यात माझ्याच उजव्या बाजूला,
कमरेच्या हाडापासून दोन बोटं आत,
कुणीतरी सुई ओवायला घेतली.

"दुसरं," ते म्हणाले.
मी पहिलं लिहिलं.

डंडीत जानेवारीत चारच्या आतच दिवे लागतात.
टे नदीवरचा पूल त्या दिवशी
एकाच बाजूनं दिसत होता.
घरी येऊन कॅलेंडर उघडलं : चौदावा दिवस.
मागच्या महिन्यात पंधरावा, तेव्हा डावीकडे.
त्याआधी काहीच नाही,
किंवा होतं, आणि मी इनो पिऊन झोपले.

टोचतं, की नुसतं दुखतं, डॉक्टर किनिअरनी विचारलं.
एक ते दहात किती?
माझ्याकडे आकडे नव्हते. कळ होती,
चमक, ठणका, रग,
ती जी येते आणि मुरडून निघून जाते,
ती जी पाय पसरून बसते
न बोलावलेल्या पाहुणीसारखी.
इंग्रजीत या सगळ्यांना मिळून एकच लुगडं.
मी म्हटलं, सहा.

त्या घाई न करता बोलल्या.
बीज बाहेर पडताना दुखतं कधीकधी,
दिवसभर, फार तर दोन दिवस, तेवढंच.
कधी पाण्याची गाठ धरते,
बऱ्याचदा आपली आपण विरते.
कधी आतलं अस्तर वाट चुकून भलतीकडे रुजतं
आणि तिथेही दर महिन्याला पाळी पाळतं.
कधी तर तो बीजकोश नसतोच,
अपेंडिक्स असतं, मुतखडा असतो,
चार दिवस साफ न झालेलं पोट असतं.
मग आवाज उतरवून : दिवस गेले असण्याची शक्यता?
कारण गर्भ कधी नळीतच अडकतो.
आणि कधी बीजकोश देठासकट पिळला जातो.
एकदम असह्य झालं, उलटी झाली, घेरी आली,
तर सकाळची वाट बघायची नाही. रात्रीच निघायचं.

देठ हा शब्द माझा. त्या काही वेगळंच म्हणाल्या होत्या.

वत्सामावशीची कूस उजवली नाही,
असं कराडला सगळे म्हणत.
ती ओट्याला पोट टेकून उभी राहायची,
एक हात कणकेत, एक कमरेशी.
कमरेशी कुठला, ते मला आठवत नाही.
डावं-उजवं करण्यात ते घर तरबेज होतं,
तिच्या ताटातली भाकरीही डावी असायची.
पण दुखतं कुठे,
हे, की हे,
असं भिंग कुणी धरलं नाही तिच्यापुढे.

लिटरभर पाणी पोटात दाबून
टेकडीवरच्या हॉस्पिटलात गेले.
आयला नावाच्या मुलीनं गार जेल लावलं, सॉरी म्हणाली,
मग पुन्हा सॉरी म्हणाली.
पडद्यावर राखाडी बर्फ भुरभुरत सरकत होता.
थांबला.
एक गोल, काठ स्वच्छ, आत मिट्ट काळं.
"काळं म्हणजे पाणी. पुढचं डॉक्टर सांगतील,
पण साधी वाटते."

मला ती बाहुली दिसली.
दिवसाला वीसेक बाहुल्या बघते मी,
ही माझी, आतली,
अंधारात होते तशी मोठी झालेली,
आणि तिला भिंग नको होतं.
सवयीनं तोंडून निघून गेलं, तेही मराठीतच :
समोर बघा. आता खाली.
आयला म्हणाली, काय?

बाहेर पायऱ्यांवर एक समुद्रपक्षी
कुणाच्या तरी सँडविचवर उभा होता.
मी कराडला फोन लावला. तिकडे दिवेलागण उलटून गेलेली.
"मावशी, तुला कुठल्या बाजूला दुखायचं गं?"

बराच वेळ काही नाही. कुकरची एक शिट्टी.
मग ती म्हणाली,
"थांब, ओट्याशी उभी राहून बघते."