तबकडीच्या पाठीवर

बाई म्हणाल्या, काटा थरथरतो,
चाळिशीला आला की विसावर उडी, मग एकदम साठावर,
आणि डॅशबोर्डात कुणी जातं ओढल्यासारखं वाजतं.
म्हटलं, वाजू दे. मला तसंही कमी ऐकू येतं.
तांबट आळीत जन्मलो. बाप दिवसभर हंडे ठोकायचा,
पाळण्यातच कान भरून गेले.
केबल मी बोटानं ऐकतो.

अठ्ठावन्न सालची फियाट, मैलांत मोजणारी.
आधी केबल ओढून काढली,
तीन-चार हात काळी वेणी,
रॉकेलच्या परातीत वेटोळं करून ठेवली,
पुसली, टेबलावर लोळवली.
कुठे वाकली असेल तर तिथे ती उडी मारते,
लपवता येत नाही तिला.
मग ग्रीस, चिमटीभर,
आणि वरची वीत कोरडी.
नव्या पोरांना हे पटत नाही, शेंड्यापर्यंत माखतात.
अरे, ग्रीस चढतं! फिरत्या तारेवरून चढतं
आणि नको तिथे जाऊन बसतं.

मग मीटर.
काचेची कड उचकटली,
काटा दोन चमच्यांनी अलगद उपटला.
आत चुंबक फिरतो, त्याच्यावर ॲल्युमिनियमची वाटी.
दोघांचा स्पर्श नाही, नुसती ओढ,
आणि केसाएवढी स्प्रिंग वाटीला मागे धरून.
पण इथे दोघांच्या मध्ये
पिवळट, घट्ट, बोटाला सुटत नाही असं काही.
वास घेतला. खोबरेल.
कोण गाढव, मोठ्यानं म्हणालो.
बाई हसल्या.

तबकडी उलटी केली.
पाठीवर सुईनं कोरलेलं:
मु. तां. ११-२-७४.
'मु'चा उकार लांब शेपटीचा,
शाळेत मास्तरांनी त्यावरून छडी दिलेली.

फिदाअली उस्ताद जेवायला गेले होते,
घड्याळाच्या तेलाची कुपी कुलपात,
आणि मी अठरा वर्षांचा.
आईनं डोक्याला लावायला दिलेली बाटली
खिशात होती.

बाईंचं चालूच होतं,
बाबा कधी चाळिसाच्या वर गेले नाहीत हो.
लोणावळ्याला पोचेस्तोवर दुपार.
एसट्या पुढे जायच्या, टँकर जायचे,
एकदा तर वरातीचा टेम्पो, बँडसकट.
आम्ही भावंडं मागच्या सीटवर लाजेनं खाली वाकायचो.
थंडीत तर आणखीच हळू.
आणि घरी येऊन गाडी बंद केली तरी
काटा दहावर. आई म्हणायची,
अहो, थांबलोय ना आपण?

खोबरेल थंडीत थिजतं.
थिजलं की वाटीला जास्त ओढतं.
बाबांचे चाळीस म्हणजे तिसाच्या आसपास,
डिसेंबरात पंचवीसही असतील.
पन्नास वर्षांचा हा हिशेब मी
बोटांवर केला, टेबलाखाली.

तेल चुकीचं होतं, म्हणालो.
कुणी घातलं ते नाही म्हणालो.

वाटी धुतली, कापसानं टिपली,
फुंकर मारली नाही, फुंकरीत ओल असते.
मागच्या पितळी टोपीखाली नमद्याची वात,
तिला घड्याळाचं तेल, एक थेंब.
दुसरा सुईच्या टोकावर आला होता,
तो परत कुपीत.
जुन्या तारखेखाली नवी कोरली.
उकार या वेळी आखूड काढला.

रविवारी सकाळी सहाला डेंगळे पुलावर गेलो,
रस्ता मोकळा, बाई चालवत होत्या.
काटा तिसावर. हलेना.
त्यांनी काट्याकडे पाहिलं, रस्त्याकडे, पुन्हा काट्याकडे.
बाबा अगदी याच वेगानं न्यायचे, म्हणाल्या,
इंजिनाचा आवाजही हाच.
पण मुरारीकाका, हे तर तीसच दाखवतंय?

मी नदीकडे बघत बसलो.
कमी ऐकू येण्याचा
हा एक फायदा असतो.