डावा आटा

आधी तारेच्या ब्रशनं गंज खरवडायचा.
मग फवारा, अगदी थोडा.
मग तिथून निघून जायचं.
हे तिसरंच अवघड.
न्यूफाउंडलंडच्या या टोकाला, धक्क्यावरच्या माझ्या शेडमध्ये,
जिथं खारं धुकं रोज पहाटे येऊन
लोखंड चाटून जातं,
निघून जाणं मी साठीनंतर शिकलो,
तेही अर्धंमुर्धं.

तेलाला मुरायला वेळ लागतो.
पिंपातल्या मिठात कॉड मुरतो तसं
आटा न् आटा ते काळोखात उतरत जातं,
आणि आपण मध्येच पाना लावून बघितला
तर नटाचे कोपरे तेवढे झिजतात.

माझ्या डब्याला गावात डॉक्टरपेक्षा जास्त मागणी.
डल्सी पार्डीला हवा चर्चच्या बिजागरीसाठी,
जी नेमकी मौनाच्या वेळी कोकलते.
ऑगस्टसच्या ट्रकवरून पडलेल्या उमेदवाराचा स्टिकर
निघाला, पण डिंक निघेना; त्यालाही हाच.
बर्फाच्या फावड्याला मारला की बर्फ चिकटत नाही.
कुलपाला मात्र नाही! कितीदा सांगितलं:
कुलपाला पेन्सिलीच्या शिशाचा भुगा;
तेलावर धूळ बसते, आणि जानेवारीत
तुम्ही स्वतःच्याच दाराबाहेर.
सायकलच्या साखळीलाही नाही.
आधीचं चांगलं वंगण धुऊन नेतो हा,
आणि वर चकाकी ठेवून जातो.

शिवाय ती लाल नळी. ती हरवते.
मी टेपनं चिकटवली, रबरानं बांधली.
हरवते.

तर सप्टेंबरात ग्राइंडरचं डावं चाक बदलायचं होतं.
कॉड धरायच्या परवानगीचे मोजके दिवस,
मासे चिरायच्या सुऱ्या बोथट,
आणि नट हलेना.
पहिल्या दिवशी फवारा. तिसऱ्या दिवशी
हातोडीच्या हलक्या टिचक्या, चारी बाजूंनी.
पाचव्या दिवशी गॅसची बत्ती बाहेर काढली
आणि तशीच परत ठेवली:
आठवडाभर तेल उडालेल्या शेडमध्ये
काडी ओढणारा माणूस
पुढं गावाच्या गप्पांत राहतो, शेडमध्ये नाही.
सातव्या दिवशी पान्याला गजभर पाइप जोडला,
सगळा भार टाकला.
किंचित हलल्यासारखं वाटलं.
मी खूश होऊन पुन्हा फवारलं.

नवव्या दिवशी शेजारची झिटा आली, वय अकरा,
पेडल सैल झालं म्हणून.
तिनं ते स्वतःच बसवलं, मग उभी राहून
माझं ढकलणं बघत राहिली.
"डावीकडचा आहे ना तो?" म्हणाली. "मग उलटा फिरवा.
माझ्या डाव्या पेडलचं तसंच आहे."

नऊ दिवस मी नट आवळत होतो.

हे मला माहीत होतं, हीच गोष्ट.
चाळीस वर्षं माहीत होतं.
बोटींच्या इंजिनांवर पोरांना मीच शिकवलं होतं,
डावा आटा ओळखला नाही म्हणून
एकाला शेडबाहेरही काढलं होतं.

पाना उलटा लावला. पाइपसकट.
वाळलेल्या माशाचा काटा मोडावा तसा आवाज झाला
आणि नट फिरला, आपण होऊन,
सगळ्या आट्यांत तेल चमकत होतं.
"बघ, तेलानं काम केलं," मी म्हणालो.
झिटानं काहीच उत्तर दिलं नाही.

आता ग्राइंडरमागच्या भिंतीवर
खडूनं बाण काढलाय, कुठं फिरवायचं त्याचा.
परवा शेगडीच्या बटणाशेजारी एक काढला.
काल पंपाच्या कोंबड्याशेजारी.
डल्सीनं विचारलं, हे काय?
म्हटलं, पोरांसाठी.
या घरात पोरं नाहीत, हे तिला ठाऊक आहे.
तिनं बिजागरीपुरता डबा मागितला,
मी लाल नळी शोधू लागलो,
बाकाखाली, खिशात, खिळ्यांच्या बरणीत,
आणि ती दारात थांबून राहिली,
मग हळूच म्हणाली,
लिअँडर,
कानामागे.