इन्नू स्वल्प मेले

वडगावात गुरुवारी दुपारी लाईट जाते
आणि चोवीस माग एकदम गप्प होतात.
कानात थोडा वेळ नुसती शिट्टी.
तेवढ्यात इम्तियाज रंगाचा डबा पालथा घालून बसतो,
ईरण्णा गिटारच्या खुंट्या पिळतो,
मी कांड्यांची पाटी पायानं सरकवते आणि उभी राहते.

आमच्या बँडला अजून नाव नाही.
म्हणजे नावं सुचतात,
पण फलक आधी कुठल्या लिपीत रंगवायचा
इथं गाडी आली की कुणीतरी चहा मागवतं.

मला दोनच आवाज येत होते.
एक शेडमधला, या टोकाहून त्या टोकाला
"धागा तुटलाsss" पोचवणारा.
दुसरा घरातला, जवळजवळ नसलेला.
मामी म्हणायची, "मेले, हळू! केवढ्यानं ओरडूलालीस गे?"
चौतीस वर्षांत संगीत शिकले ते एवढंच.

कॅम्पातल्या पिंटोबाई, चर्चच्या कॉयरमधून निवृत्त.
पहिल्या दिवशी माझी हनुवटी धरून खाली केली:
"छताकडे बघून सूर वर जात नाही.
गळ्यानं ओढायला ती काय विहिरीतली कळशी आहे?"
मग महिनाभर एकही गाणं नाही.
बरगड्यांवर पंजे. मिटल्या तोंडानं गुणगुण.
आणि फुर्रर्र, ओठ सैल सोडून,
लहान पोर गाडी गाडी खेळतं तसं,
खालून वर, वरून खाली.
दुसरं रेल्वे गेट पडलं
की मी हेल्मेटच्या आत तेच करते.
एकदा शेजारचा रिक्षावाला उतरून
आपलं इंजिन बघू लागला.

काळी चारमध्ये तार षड्जापर्यंत ठीक.
रिषभावर तटकन तुटायचा.
बाई म्हणाल्या, "इथं जोड आहे. सगळ्यांना असतो."
जोड म्हटल्यावर मला कळलं.
मागावर धागा तुटला तर गाठ अशी मारावी लागते
की फणीच्या दातांतून अडखळता निघून जावी.
जाड गाठ मारणारीच्या साडीत रेघ उमटते
आणि शेठ पगारातून कापतो.
म्हणजे जोर कमी करायचा,
टोकं बारीक करायची,
रिषभ यायच्या आधीच बोटं ढिली.

ईरण्णा मराठी बोलतो, शिव्यासुद्धा चांगल्या देतो,
पण सूर लावायची वेळ आली की त्याला कन्नडच सुचतं.
"इन्नू स्वल्प मेले," भुवया उंचावून म्हणतो.
अजून थोडं वर.
"मेले... मेले..."
पहिल्यांदा मी दचकून दाराकडे पाहिलं,
मामी आली की काय.
मग एवढं हसू आलं की श्वासच उरला नाही.
इम्तियाजला समजावून सांगेपर्यंत
अर्धा गुरुवार संपला.

रात्री भांडी घासताना दोन्ही आवाज एकदम ऐकू आले.
मेले. हळू.
वर, पण हळू.
बाई महिनाभर हेच तर सांगत होत्या.
मामीला यातलं काही माहीत नव्हतं,
आणि तिला श्रेय द्यायची माझी तयारी नाही.

पुढच्या गुरुवारी रिषभ निघाला.
न ओरडता. बारीक, कोरा, कांडीवरून सुटल्यासारखा,
आणि त्याच्या मागून गंधारही.
नेमकी तेव्हाच लाईट आली.
चोवीस माग खडखडले,
मला स्वतःला काही ऐकू येईना,
फक्त कपाळाच्या आत काहीतरी झिणझिणत होतं.
ईरण्णानं तारांवर हात ठेवला.
तो बघत होता माझ्या ओठांकडे,
म्हणजे ते अजून उघडे होते.

त्यानंतरच्या गुरुवारी आला नाही.
घसा बसलेला, सूत ओलं, शेडमध्ये कोंदट.
बाई फोनवर म्हणाल्या,
"मग गाणं एक पट्टी खाली घ्या. लाज कसली त्यात?"
ईरण्णानं पुटपुटत सगळ्या खुंट्या सैल केल्या.
खानापूरच्या कार्यक्रमाला अकरा दिवस आहेत
आणि फलक
अजून कोराच.