करंगळीखालची खूण

ठाकुरद्वारच्या टायपिंग क्लासात पहिल्याच दिवशी
ती उजव्या करंगळीखाली आली.
ए एस डी एफ, सेमिकोलन एल के जे.
महिनाभर बडवली.
ही कशासाठी असते, विचारलं
तर पोतनीसबाई म्हणाल्या, स्पीड वाढव.

मग फोर्टात, बझारगेट स्ट्रीटला, नौशीर दलाल सॉलिसिटर.
तीन जिने, लिफ्ट कायमची बंद,
फायलींवर कबुतरांचा हक्क.
माझं पहिलं अ‍ॅफिडेव्हिट त्यांनी दोन बोटांत धरलं
ओल्या पापडासारखं.
भाडेकरूने भाडं भरलं, स्वल्पविराम,
हाउएवर, स्वल्पविराम, पावती मिळाली नाही.
"आ सूं छे, डिकरी?
हा तुजा हाउएवर पाहुणा हाय.
पाहुण्याला कोणी भिंत धरून उभा करते?
सुरुवातीला बसव, मधी बसव, शेवटी बसव, बसेल तो.
पण उठून गेला तर घर पडायला नाय पायजे.
'पण' सिमेंट हाय. हा नाय."
म्हणून आधी दोन घरं, आपापल्या पायावर.
मध्ये अर्धविराम.
आणि पाहुणा आत आला की त्याच्यामागे स्वल्पविराम,
चपला काढण्यापुरता.

देअरफोरबद्दल त्यांनी वेगळं बजावलं.
सूट घालून येतो, खिसे रिकामे.
तो म्हणतो म्हणून काही सिद्ध होत नाही.

बावीस वर्षं हेच टाइप केलं.
धोबी तलावाच्या लघुवाद कोर्टातून मराठी कागद यायचे
तर त्यातही तेच पाहुणे, धोतर नेसून:
तथापि, शिवाय, सबब.

परवा दादाचं पत्र आलं, शारजाहून, इंग्रजीत.
इंग्रजीत दादा नेहमीच जास्त थोरला होतो.
सोबत हक्कसोडपत्र,
सही करायची तिथे पेन्सिलीची फुली.
तू बाबांचं सगळं केलंस, स्वल्पविराम,
देअरफोर तू थकली असशील, स्वल्पविराम,
मोरओव्हर तू एकटी, स्वल्पविराम,
देअरफोर खोली माझ्या नावावर व्हावी.
दोन पानं, एकाही श्वासाशिवाय,
उसने मागायला आलेला माणूस बोलतो तशी.

सवयीने लाल पेन्सिल हातात आली.
अर्धविराम टाकायचा तर दोन्ही बाजू
सुट्या वाचून बघाव्या लागतात.
वाचल्या.

तू बाबांचं सगळं केलंस.
उभं राहिलं वाक्य.
रात्री तीनला बदलायची पिशवी,
मोरीतली निळी बादली,
त्यांनी मला आईच्या नावाने मारलेल्या हाका,
सगळ्यासकट उभं राहिलं.

खोली माझ्या नावावर व्हावी.
हेही उभं राहिलं. इच्छेला पाय असतातच.

मध्ये देअरफोर, सुटाबुटात, घामेजलेला.
त्याला जरा बाजूला व्हायला सांगितलं.
काही पडलं नाही.
मुळात काही जोडलेलंच नव्हतं.

पत्र तपासून परत पाठवतेय.
अकरा अर्धविराम, दोन स्पेलिंगं,
एका ठिकाणी 'सिस्टर'मधला टी राहिला होता, तो घातला.
हक्कसोडपत्रावरची फुली खोडरबराने पुसली,
बाकी कागद कोरा, जसा होता तसा.
खाली दलालसाहेबांच्या जुन्या रेमिंग्टनवर
माझी एकच ओळ, मराठीला हे मशीन येत नाही म्हणून इंग्रजीत:
पत्र मिळालं; हाउएवर, मी इथेच राहते आहे.

त्या खुणेवर करंगळी जरा जोरात पडली.
कागदाला बारीक भोक पडलं.
दुसरा कागद घेतला नाही.