तिसऱ्या भाषेतली प्रत

अँत्सिराबेला जुलैत कडाका पडतो.
रिक्षा ओढणाऱ्यांच्या तोंडून वाफ निघते,
गरम पाण्याच्या झऱ्यांतून निघते,
आणि आम्ही बसलोय त्या खोलीत
फक्त कॉफीच्या यंत्रातून.

मी दुभाषी.
दोन तोंडांच्या मधे जिभेसारखं वळायचं,
पोटात काही ठेवायचं नाही, हे माझं काम.

टेबलापलीकडे गेंटहून आलेली ख्रीत,
वर्षाला चार लाख शर्ट विकत घेते.
अलीकडे लालाओसाहेब, ते शिवून देतात.
कोपऱ्यात, भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर
सहुली. वय एकोणीस. काजं करते.
तिला बोलावलंय कारण मसुद्यात
‘युवा’ हा शब्द सव्वीस वेळा आलाय
आणि एकदा तरी तो खोलीत दिसायला हवा.

पहिला तास बरा गेला.
जादा तासांचा दर. आगीच्या दाराला कुलूप नको.
शंभर मुलामुलींना सहा महिने शिकवायचं,
मग कामावर घ्यायचं,
आणि शिकतानाही पगार द्यायचा,
हातखर्च नव्हे, पगार.
इथे ख्रीतनं पेन खाली ठेवलं,
लालाओंनी चष्मा पुसला.
दोघांचं मौन मी जसंच्या तसं पोचवलं.

मग आला ‘पार्टनर’.
फ्रेंचमध्ये सोपा, ओठ मिटून उघडले की झाला.
आमच्या भाषेत त्याला गाडीभर लांब शब्द आहे,
आणि त्याच्या पोटात ‘अंतूका’ बसलेली.
अंतूका म्हणजे हमी, तारण, भरवसा.
अंतूका मेली म्हटलं की धंदा बुडाला.
तर पार्टनर कोण?
एक बुडताना
ज्याच्याही नाकातोंडात पाणी जातं, तो.

मी हे बोलून गेलो. बोलायचं नव्हतं.
दुभाष्यानं शब्द द्यावा,
त्याचं पोट फाडून दाखवू नये.

ख्रीत म्हणाली, वकिलांना विचारावं लागेल.
लालाओ म्हणाले, व्याकरण जेवणानंतर.

तेव्हा कोपऱ्यातून, हात वर न करता, सहुली:
‘मार्चमध्ये वादळानं रस्ता वाहून नेला,
कापड बंदरात अडकलं,
अकरा दिवस आमची यंत्रं बंद.
त्या अकरा दिवसांची अंतूका
कोणाच्या घरी मेली?’

हे मी फ्रेंचमध्ये म्हटलं.
मग, का कोण जाणे, परत आमच्या भाषेत म्हटलं,
लालाओंकडे बघून,
ज्यांना ते पहिल्यांदाच कळलं होतं.

कॉफीचं यंत्र तेवढं घरघरत होतं.
ख्रीतनं वहीत ‘११’ लिहून त्याभोवती चौकट काढली.
मला आधी वाटलं, दिवस.
तो कलमाचा आकडा होता:
काम थांबलं तर तोटा कोणी किती सोसायचा.
टक्क्यांवरून अंधार पडेपर्यंत ओढाताण,
घसे बसले, माझा सर्वांत आधी.

सहुली त्याआधीच उठलेली,
तिला दुपारची पाळी गाठायची होती.
बैठकीचे तास हजेरीत धरणार का,
हे सव्वीस ‘युवां’मध्ये कुठेच नव्हतं.
जिन्यात तिनं थर्मासचं झाकण माझ्यापुढे केलं.
भात करपलेल्या पातेल्यात उकळलेलं पाणी,
घरी आई देते तेच.
‘घे, तुझा घसा गेलाय,’ म्हणाली,
‘आणि तो शब्द खोडू देऊ नकोस.’

खोडला नाही.
करार तीन भाषांत छापला, तिन्हींत कलम अकरा.
सगळ्यांत शेवटी एक ओळ:
मतभेद झाल्यास फ्रेंच प्रत ग्राह्य.
तीही मीच भाषांतरित केली,
नीट, एकही अक्षर न चुकता.

तिसरी प्रत सहुलीच्या यंत्राच्या खणात असते,
दोऱ्याच्या रिळांखाली, तेलाचे डाग पडलेली.
त्या लांबलचक शब्दाभोवती तिनं
पेन्सिलीनं काज घातलंय,
दोन्ही टोकांना दुहेरी टाका.