गुंता

सहा वर्षांनी उतरले उम्मान्नाकला.
हेलिपॅडवर बाबा नव्हते.
मावशीचा उयाकू माझी बॅग उचलत म्हणाला,
"बर्फावर गेलेत."
म्हणजे: आईला पुरताना तू नव्हतीस.

दोन दिवस घरात आम्ही दोघं
आणि किटलीचा आवाज.
ओडेन्सेहून आणलेली वाक्यं
जिभेवर घोळवत राहिले,
सुबक, कर्ता-कर्म जागच्या जागी.
एकही बाहेर पडलं नाही.

तिसऱ्या सकाळी त्यांनी बारा कुत्री जुंपली
आणि स्लेजवर माझ्यापुरती जागा सोडली.
बोलले काही नाहीत.
आईचे सीलच्या कातड्याचे हातमोजे
माझ्या मांडीवर टाकले.

आमच्याकडे कुत्री एकामागे एक धावत नाहीत,
पंख्यासारखी पसरतात, ज्याची त्याला दोरी,
आणि धावता धावता जागा बदलतात:
ही त्याच्या आडोशाला, तो हिच्या उजवीकडे,
रात्री ज्याचा कान फाडला
त्याच्याच खांद्याला खांदा.
दोन तासांत बारा दोऱ्यांची एक वेणी होते,
गोठून हाडासारखी.

मग थांबायचं. हातमोजे काढायचे.
उघड्या बोटांनी सोडवायचं,
मध्येच बोटं तोंडात घालून ऊब द्यायची.

बाबा गाठ वाचतात,
दुसरी माणसं पत्र वाचतात तशी.
"हे बघ," म्हणाले,
(दोन दिवसांतलं पहिलं वाक्य)
"इथे ढिली आहे.
कासेर गेली डिसेंबरात.
हा अजून तिची जागा सोडून पळतो."

कुत्री बर्फावर आडवी झाली होती,
फाटक्या कानाचा फाडणाऱ्याच्या पाठीवर
हनुवटी टेकून.

मी गाठीकडे बघतच विचारलं,
"आई माझं नाव काढायची?"

ते गप्प.
मी वाट पाहिली. पुष्कळ वाट पाहिली.
शेवटी मान वर केली तेव्हा दिसलं,
त्यांच्या भुवया केव्हाच्या वर गेल्या होत्या,
तशाच धरून ठेवलेल्या,
मी बघेपर्यंत.

आमच्यात भुवया उचलणं म्हणजे हो.
ओडेन्सेला वर्गात बाई म्हणायच्या,
बोलाट्टा, तोंडाने सांग.
मी शिकले. चांगलीच शिकले.

मीही भुवया उचलल्या.
कशाला हो म्हणत होते, कोण जाणे,
कुणी काही विचारलं नव्हतं.

दोन दोऱ्या सुटल्याच नाहीत.
बाबांनी चाकू काढला, पुन्हा म्यानात घातला.
"राहू दे, घरी बघू."
ती दोघं मग एकत्रच पळाली,
अंधार पडेपर्यंत.