रुमाल

गणपती पेठेच्या आतल्या गल्लीत माझं दुकान,
बारा बाय आठ. वर पत्रा,
खाली दुसऱ्यांचे लॅपटॉप, पोट उघडून ठेवलेले.
व्यापाऱ्यांच्या मशिनींत, पंख्याच्या पात्यांवर हळद सापडते.
ब्रशनं झाडते, शिंकते, बिल करते.

भिंतीवर माझ्याच अक्षरात पाटी:
ओटीपी सख्ख्या भावालाही सांगू नये.
पाटीखाली बसून लोक मला पासवर्ड सांगतात,
मोठ्यानं, स्पेलिंगसकट.
लेकीचं नाव, पुढं जन्मसाल.
दातांच्या डॉक्टरांचं कुलदैवत, आणि एक दोन तीन.

त्या मंगळवारी भूपाल मगदूम आले.
वय एक्क्याऐंशी, खांद्यावर रुमाल.
हळदीच्या सौद्यात चाळीस वर्षं भाव केला,
एकदाही तोंडानं नाही.
रुमालाखाली हात, हातात दुसऱ्याचा हात,
बोटं दाबायची, सोडायची,
भोवती पन्नास माणसं
आणि चेहरा जेवून उठल्यासारखा.

"शमीम, हा फोन बघ जरा. एकजण म्हणाला,
रात्री साडेनऊला तुमची लाइट तोडणार.
मग सहा आकडे आले. म्हणाला, वाचून दाखवा."
"मग, अण्णा?"
"म्हटलं, कुठनं बोलालास? तर म्हणे ऑफिसातनं.
म्हटलं, मग इकडं ये, हात दे, रुमाल टाकतो.
आकडा असा तोंडानं सांगत्यात व्हय?
शिवी देऊन ठेवला की त्यानं."

फोनला काही झालं नव्हतं.
म्हटलं, लॉक तेवढं उघडा, बघते.
तर त्यांनी माझ्याकडं पाठ केली,
रुमाल फोनवर ओढला,
आत अंगठा चार वेळा हलला.
मला हसू आलं.
थोडं लागलंही.

भाद्रपदात, मिरज जंक्शनवर, माझाच लॅपटॉप गेला.
चार्जिंगला लावला, शेजारच्या बाईंना
"बघा हं जरा" म्हटलं, चहाला गेले.
दोन कप घेऊन आले, एक त्यांच्यासाठी.
बाई नव्हत्या. वायर होती.

बिलं गेली, फोटो गेले, त्याचं एवढं नाही.
आत एक फाइल होती.
गिऱ्हाइकं विसरतात म्हणून बारा वर्षं लिहीत आलेली.
दोनशे चौदा माणसं, त्यांच्या लेकी, त्यांची दैवतं.
फाइलचं नाव: पासवर्ड.
लॅपटॉपला लॉक नव्हतं.
रोज रोज कोण टाइप करणार.

हवालदारांनी विचारलं, किंमत?
मी म्हटलं, जुना होता, चौदा हजार धरा.

मग स्कूटी काढली.
खणभाग, विश्रामबाग, हरिपूर रोड,
कुपवाडला कारखान्यांच्या मागच्या चाळी.
दारात उभी राहून एकच वाक्य:
चूक माझी आहे, आजच्या आज बदला.
कुणी पाणी दिलं. कुणी दार लावलं.
डॉक्टर म्हणाले, मग आता काय ठेवू?
म्हटलं, मला सांगू नका.
एका बाईंनी उंबऱ्यातच नवा ठरवला,
हाक मारल्यासारखा,
धाकटीचं नाव.

मगदुमांचं नाव यादीत नव्हतंच.
तरी शेवटी पूल ओलांडून सांगलीवाडीला गेले.
म्हटलं, अण्णा, त्या दिवशी पाठ केलीत, बरं केलंत.
ते शेंगा सोलत होते.
"रुमाल चोरासाठी नसतोय गं.
चोर काय, रुमालच घेऊन जाईल.
शेजारी भला माणूस उभा असतोय,
त्याच्यासाठी असतोय रुमाल.
त्याच्या डोक्याला कशाला आपला आकडा?"

टरफलं झटकली, हात मागितला.
मी दिला. वर रुमाल पडला,
साबणाचा आणि जुन्या पोत्याचा वास.
आत त्यांची बोटं, कोरडी, नेमकी,
दाबत, सोडत, एकदा थांबून परत दाबत.
त्यांची सून दळण घेऊन आली, बघून आत गेली.

"कळलं?"
"कळलं."

तो आकडा मी इथं लिहीत नाही.